द्यूतनगरीत चार दिवस

आमच्या घरात पत्त्यांचा कॅट नाही. कॅरम आहे, बुद्धिबळाचा पट आहे, कुणीतरी आहेरात दिलेले चांदीचे सागरगोटेसुद्धा आहेत. पण पत्ते नाहीत. मे महिन्याच्या सुटीत शेजारची मुले दारात येऊन "आजोबा, पत्ते आहेत का?" म्हणून विचारतात आणि मी "हरवले रे" असे सांगून वेळ मारून नेतो. वास्तविक जे कधी आणलेच नाहीत ते हरवणार कुठून? अशा घरातला माणूस लास व्हेगासला जाऊन जगातली सर्वांत नावाजलेली पत्त्यांची स्पर्धा पाहून आला, हे आमच्या सोसायटीतल्या मंडळींना अजून खरे वाटत नाही. खरे सांगायचे तर मलाही वाटत नाही.

त्याचे असे झाले. २०२५ च्या जूनमध्ये आम्ही उभयता अमेरिकेला भाच्याकडे गेलो होतो. भाचा म्हणजे आमच्या अक्काचा धाकटा. सॅन होजेला संगणकाच्या नोकरीत आहे. मुलगा सरळ, निर्व्यसनी, चहासुद्धा बिनसाखरेचा पिणारा. एका रविवारी सकाळी पोह्यांची बशी हातात घेऊन तो म्हणाला,

"मामा, जुलैत चार दिवस लास व्हेगासला जाऊ या. मला तिथं एक स्पर्धा खेळायची आहे."

"टेनिसची का रे?" आमच्या सौभाग्यवतींनी कौतुकाने विचारले.

"नाही मामी. पोकरची."

हिच्या हातातला कलथा कढईतच थांबला. मी प्रवेश फी विचारली. दहा हजार डॉलर! त्या दिवसांच्या भावाने साडेआठ लाख रुपये. छत्तीस वर्षे बँकेत इतरांचे पैसे मोजण्यात घालवलेल्या माणसाला हा आकडा पोह्यांबरोबर गिळता येण्याजोगा नव्हता.

"अक्काला सांगितलंस?"

"नाही. आणि तुम्हीही एवढ्यात सांगू नका. पाच वर्षं थोडे थोडे बाजूला टाकून साठवलेत. एकदाच खेळणार. गेले तर गेले."

'एकदाच' हा शब्द मी यापूर्वीही ऐकलेला होता. तो कुठे, ते पुढे येईलच. तूर्त एवढेच सांगतो, की मी त्याच्याबरोबर गेलो तो सहलीसाठी नव्हे. पहारा करण्यासाठी गेलो.

'लास व्हेगास' या स्पॅनिश शब्दांचा अर्थ 'कुरणे'. विमानाच्या खिडकीतून खाली पाहिले, तर कुरण सोडाच, गवताची काडी दिसत नव्हती. चहूकडे भाजलेल्या विटेच्या रंगाचे डोंगर आणि मधोमध हे शहर. १९३१ साली नेव्हाडा राज्याने जुगाराला कायद्याची मोकळीक दिली, त्याच वर्षी जवळच कोलोरॅडो नदीवर हूव्हर धरणाचे काम सुरू झाले. धरणावरचे मजूर, त्यांचा पगार आणि तो खर्च करण्याची जागा, असा तिहेरी योग जुळून आला. विमानतळावर उतरलो, तर सामान येण्याआधी जुगाराची यंत्रे सामोरी आली. आपल्याकडे पंढरपूरच्या स्टेशनावर उतरताच बुक्का लावणारे भेटतात, तशीच ही.

उतरलो ते 'पॅरिस' नावाच्या हॉटेलात. दाराशी खऱ्याच्या निम्म्या उंचीचा आयफेल मनोरा, आत छतावर रंगवलेले निळे आकाश आणि त्या आकाशाखाली फ्रेंच गल्लीबोळ. बाहेर ऊन चव्वेचाळीस अंशांवर. आत सदैव संध्याकाळ. घड्याळ कुठे नजरेस पडेना. माणसाला वेळेचे भान राहू नये, अशीच ही रचना. इथून आतल्या आत शेजारच्या 'हॉर्सशू' हॉटेलात जाता येते. २०२२ पासून ही 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर' या दोन हॉटेलांतच भरते. उन्हाळाभर लहानमोठ्या शेकडो डावांची जत्रा असते. त्यातला दहा हजार डॉलरांचा मुख्य डाव जुलैच्या आरंभी सुरू होतो. तो जिंकणारा त्या वर्षीचा जगज्जेता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला भाचा पटावर बसला आणि आम्ही दोघे दोरीबाहेर उभे राहिलो. वाचकहो, दालन म्हणजे केवढे? आपल्याकडची दहा मंगल कार्यालये एकापुढे एक ठेवली तरी जागा उरेल. टेबलामागून टेबल, प्रत्येकाभोवती नऊ माणसे आणि दहावा पत्ते वाटणारा. भिंतींवर आजवरच्या जगज्जेत्यांच्या भल्या मोठ्या तसबिरी. ध्वनिक्षेपकावरून आरोळी झाली, "पत्ते पिसा आणि वाटा!" आणि त्यानंतर एक विलक्षण आवाज सुरू झाला. हजारो माणसे आपापल्या चकत्या बोटांनी एकमेकींत मिसळत होती. कोकणात पहिल्या पावसानंतर रात्री रातकिड्यांचा जो अखंड किरकिराट चालतो, अगदी तोच. बाकी बोलणे नाही, हसणे नाही. एवढा शांत जुगार असू शकतो, हे मला ठाऊक नव्हते.

ज्यांना तीन पत्ती येते त्यांना हा खेळ समजायला वेळ लागत नाही. प्रत्येकाला दोन पत्ते पालथे मिळतात. मग टेबलावर पाच पत्ते सर्वांसाठी उघडे मांडतात. आधी तीन, मग एक, मग आणखी एक. आपले दोन आणि मधले पाच, या सातांतून ज्याचे पाच पत्ते सरस तो जिंकला. प्रत्येक टप्प्याला चकत्या लावायच्या, वाढवायच्या, नाहीतर पत्ते टाकून द्यायचे. हातात काही नसताना असल्याचा आव आणून समोरच्याला पळवून लावता येते, आणि सारी गंमत तिथेच आहे.

फीच्या बदल्यात प्रत्येकाला साठ हजारांच्या चकत्या मिळतात. त्यांचे पैसे करून घेता येत नाहीत. चकत्या संपल्या की माणूस बाद. बरे, कुणी म्हणेल की मी आपला गप्प बसून राहतो, चांगले पत्ते आले की खेळेन. तीही सोय नाही. दर डावात दोघांना पत्ते पाहण्याआधीच सक्तीने चकत्या ठेवाव्या लागतात, आणि ही सक्तीची रक्कम दर दोन तासांनी वाढत जाते. आक्रमक घरमालकासारखी! नुसते बसून राहणाऱ्याला भाडेच खाऊन टाकते. म्हणून भित्र्यालाही केव्हातरी धाडस करावे लागते.

दिवसाला दोन-दोन तासांचे पाच टप्पे. मध्यंतराला भाचा बाहेर आला की ही त्याला पर्समधली शेंगदाण्याची चिक्की देई.

"या एवढ्या गर्दीत बायका कुठे आहेत रे?" तिने विचारले. प्रश्न रास्त होता. शंभर माणसांत चार-पाच बायका दिसल्या तर दिसल्या. १९९५ साली बार्बरा एनराइट या बाईंनी मुख्य डावाच्या शेवटच्या टेबलापर्यंत मजल मारली होती. दुसरी बाई तिथे पोचायला तीस वर्षे लागली. २०२५ च्या याच स्पर्धेत स्पेनच्या लिओ मारगेट्स तिथवर गेल्या आणि सातव्या आल्या. हाच खेळ २००७ साली लंडनला युरोपसाठी सुरू झाला, तेव्हा पहिलाच मुख्य डाव नॉर्वेच्या आनेट ओब्रेस्टाड नावाच्या मुलीने जिंकला. वय वर्षे अठरा! लास व्हेगासला एकवीस पुरी झाल्याशिवाय पटावर बसू देत नाहीत, म्हणजे जिंकण्याइतकी शहाणी झालेली ही मुलगी इथे आत येण्याइतकी मोठी नव्हती.

"बघा!" ही म्हणाली. जणू काही तिनेच तो डाव जिंकला होता.

भाच्याच्या टेबलावर ब्राझीलचा एक शेतमालाचा व्यापारी होता, एक फ्रेंच विद्यार्थी होता आणि टेक्सासचे एक टोपीवाले आजोबा होते. यातले कित्येकजण वर्षभर याच फेऱ्यात असतात. वसंतात माँटे कार्लो, ऑगस्टात बार्सिलोना, डिसेंबरात बहामा बेटे. आपले कीर्तनकार जसे एका गावचा उत्सव आटोपून दुसऱ्या गावी जातात, तसे हे हिंडतात. युरोपातला हा दौरा २००४ साली सुरू झाला. फी भरायला स्वतःचेच पैसे हवेत असेही नाही. खेळाडू आपले हिस्से विकतात. मी जिंकलो तर तुला इतके टक्के, हरलो तर तुझे गेले! तेव्हा वर्तमानपत्रात ज्याच्या नावापुढे कोटींचा आकडा छापून येतो, त्याच्या खिशात त्यातले किती पडतात हे तो आणि त्याचे भागीदारच जाणोत.

रात्री साडेबाराच्या सुमारास खेळ थांबला. भाच्याजवळ एक्क्याण्णव हजारांच्या चकत्या होत्या. त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून, नाव लिहून, मोहोरबंद केल्या. तो आनंदात होता. मला मात्र झोप आली नाही. मी हॉटेलच्या कागदावर हिशेब मांडत बसलो. बँकेची सवय, दुसरे काय!

पुढे आकडे जाहीर झाले ते असे. २०२५ साली मुख्य डावात ९,७३५ प्रवेश झाले. दर दहा हजारांतले ७०० डॉलर व्यवस्थेचा खर्च आणि नोकरवर्गासाठी म्हणून आधीच कापून घेतात. म्हणजे ६८ लाख डॉलर पहिला पत्ता वाटण्याआधीच बाजूला झाले. उरलेल्या नऊ कोटी पाच लाखांतून १,४६१ जणांना बक्षिसे. सर्वांत लहान १५ हजारांचे, सर्वांत मोठे एक कोटी डॉलरांचे. बाकीचे ८,२७४ हात हलवत घरी. सगळ्यांच्या फीमधून थोड्यांची बक्षिसे! हा काही चमत्कार नाही. ही वजाबाकी आहे. पण भिंतीवर तसबीर लागते ती एकाची. त्या ८,२७४ लोकांची तसबीर लावायला भिंतच नाही.

तिसरा दिवस सुटीचा होता. मी भाच्याला म्हटले, "हे सगळं जिथून सुरू झालं ती जागा दाखव." मग तो आम्हाला जुन्या गावात फ्रिमाँट रस्त्यावर घेऊन गेला. आता त्या रस्त्यावर चकचकीत दिव्यांचे भले मोठे छत आहे. त्याखाली बिनियनचा जुना जुगारखाना अजून उभा आहे.

बेनी बिनियन हा मूळचा टेक्सासचा. तिकडे चोरटे जुगार चालवत असे. हवा बदलली तसा १९४६ साली लास व्हेगासला आला आणि १९५१ साली त्याने इथे 'हॉर्सशू' उघडले. मध्यंतरी कर बुडवल्याबद्दल तुरुंगातही जाऊन आला. गिऱ्हाईक कसे ओढावे, हे त्याला उपजत कळत असे. दहा हजार डॉलरांच्या शंभर नोटा काचेत मांडून ठेवल्या होत्या, आणि त्या दहा लाखांशेजारी उभे करून येईल त्याचा फोटो फुकट काढून देत. फोटो तयार होईपर्यंत माणूस आत खेळत बसे! पुढे त्या नोटा विकल्या गेल्या.

१९७० साली याच बिनियनने मोजक्या नामांकित पोकरवाल्यांना बोलावून खेळ मांडला. आणि गंमत पाहा, पहिला जगज्जेता पत्त्यांनी ठरलाच नाही, मतांनी ठरला! असे सांगतात, की आधी ज्याने त्याने स्वतःलाच मत दिले. मग दुसऱ्या क्रमांकाचा कोण, असे विचारले तेव्हा जॉनी मॉस निवडून आला. पुढल्या वर्षापासून शेवटचा एक उरेपर्यंत खेळायचे, असे ठरले. १९७२ साली फी दहा हजार डॉलर झाली आणि आठजण बसले. १९७६ पासून विजेत्याला सोन्याचे कंकण देऊ लागले. त्या साली आणि पुढच्या साली डॉइल ब्रन्सन जिंकला. दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्याच्या हाती दश्शी आणि दुर्री होती. इतके किरकोळ पत्ते, पण तेव्हापासून त्या जोडीला त्याचेच नाव पडले. हा ब्रन्सन २०२३ साली एकोणनव्वदाव्या वर्षी वारला.

आठांचे दहा हजार कसे झाले? पहिली गोष्ट, फी १९७२ पासून तीच आहे. तेव्हा तेवढ्या पैशांत अमेरिकेत दोन नव्या मोटारी येत. आज त्यात एक धड येत नाही. फी जागच्या जागी राहिली आणि माणसे तिच्यापर्यंत पोचली. दुसरे म्हणजे छोट्या डावांची युक्ती. दहाजणांनी हजार हजार घालायचे आणि जिंकेल त्याला मोठ्या डावाचा प्रवेश. आपल्या भिशीसारखेच. फरक एवढाच, की भिशीत प्रत्येकाचा नंबर केव्हातरी लागतो!

तिसरी गोष्ट एका खेळणीवाल्याने केली. हेन्री ओरेन्स्टाइन हा पोलंडातला ज्यू. नाझींच्या पाच छळछावण्यांतून जिवंत बाहेर पडला, अमेरिकेत येऊन खेळण्यांच्या धंद्यात नाव काढले. पोकर दूरचित्रवाणीवर कंटाळवाणा का होतो, हे त्याने ओळखले. पालथे पत्ते प्रेक्षकाला दिसतच नाहीत, मग तो पाहणार काय? टेबलाच्या कडेत कॅमेरा बसवून ते पत्ते प्रेक्षकाला दाखवण्याच्या युक्तीचे पेटंट त्याला १९९५ साली मिळाले. एका क्षणात घरबसल्या माणूस खेळाडूपेक्षा शहाणा झाला. "अरे, टाक की पत्ते!" असे तो कोचावरून ओरडू लागला, आणि ओरडता ओरडता त्याला वाटू लागले की आपणही हे करू शकू.

तेवढ्यात २००३ साल उजाडले. टेनेसीचा एक हिशेबनीस, वय सत्तावीस, इंटरनेटवरचा शंभर डॉलरांहून कमी फीचा एक डाव जिंकून इथे आला आणि ८३९ जणांत पहिला येऊन पंचवीस लाख डॉलर घेऊन गेला. नाव ख्रिस मनीमेकर! कादंबरीकाराने हे नाव ठेवले असते तर संपादकाने खोडले असते. पुढच्या वर्षी २,५७६ जण आले. २००६ साली ८,७७३. त्या दिवसापासून हा खेळ टोपीवाल्या टेक्सासकरांचा उरला नाही. तो कारकुनांचा, अभियंत्यांचा, हप्ते फेडणाऱ्या नोकरदारांचा झाला. २०१७ साली इथे जोडीने खेळायच्या एका डावात दोघा भारतीयांनी कंकण पटकावले, तेव्हा तो आपल्याकडेही पोचला म्हणायचा. 'तो हिशेबनीस, मीही हिशेबनीस.' या एका वाक्यात किती घरांचे साठवलेले पैसे गेले असतील, याचा हिशेब कुठल्याच खातेवहीत नाही.

पण मला चटका लावून गेली ती स्टू अंगरची गोष्ट. रमीच्या जातीच्या 'जिन' या खेळात तो इतका तरबेज, की त्याच्याशी खेळायला कुणी तयार होईना. म्हणून तो पोकरकडे वळला. १९८० आणि १९८१ साली लागोपाठ जिंकला. मग व्यसने, शर्यती आणि पैजा यांत सगळे धुऊन गेले. १९९७ साली कुणीतरी त्याची फी भरली आणि हा भणंग झालेला माणूस तिसऱ्यांदा जगज्जेता झाला. दहा लाख डॉलरांचे बक्षीस. निम्मे फी भरणाऱ्याचे, निम्मे त्याचे. तिथेच थांबला असता तर! थांबला नाही. १९९८ च्या नोव्हेंबरात याच गावातल्या एका स्वस्त मोटेलच्या खोलीत तो मरून पडलेला सापडला. वय पंचेचाळीस.

फ्रिमाँट रस्त्यावरच्या एका बाकावर बसून भाचा हे सांगत होता. ऐकता ऐकता मी म्हणालो, "तुला तुझ्या आजोबांची गोष्ट ठाऊक आहे का?"

त्याला ठाऊक नव्हती. अक्काने सांगितली नव्हती, आणि मीही आजवर कुणाला सांगितली नव्हती.

आमचे वडील रमी खेळत. सरकारी नोकर, बुद्धीने तल्लख. क्लबात पैशांनी रमी चाले. १९६७ साली सुप्रीम कोर्टाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले, आणि ती बातमी वडिलांनी आईला मोठ्याने वाचून दाखवल्याचे मला आठवते. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. "बघ, कोर्टसुद्धा म्हणतं!" कोर्टाचे खरेच होते, आणि वडिलांना ते कौशल्यही होते. पुष्कळदा ते जिंकत. पण त्या दिवाळीनंतर दैव फिरले आणि तीन महिन्यांत कर्ज झाले. आईने हातातल्या चार पाटल्या काढून दिल्या. म्हणाली, "हे फेडा आणि सोडा." वडिलांनी कर्ज फेडले. पैसे थोडे उरले होते. "गेलेल्या पाटल्या सोडवून आणतो, एकदाच बसतो," असे म्हणून ते पुन्हा बसले.

पाटल्या आल्या नाहीत. मिरजेचे घरही गेले. आई पुढे तीस वर्षे जगली. हातात काचेच्या बांगड्या आणि घरात पत्त्यांना मज्जाव.

"आपण महाभारतातलं सांगतो ना," मी म्हणालो, "धर्मराज द्यूतात हरला. पण तो दोनदा बसला होता, हे लोक विसरतात. पहिल्या डावात गेलं ते सगळं द्रौपदीमुळे धृतराष्ट्राने परत दिलं होतं. पांडव घरी निघाले होते, वाटेत होते. पुन्हा बोलावणं आलं आणि हा पुन्हा जाऊन बसला. वनवास झाला तो त्या दुसऱ्या डावामुळे. पहिल्यांदा कुणीही बसेल रे. दुसऱ्यांदा बसू नये."

भाचा काही बोलला नाही. परतताना हॉटेलातल्या एका यंत्रापुढे ही थांबली. म्हणाली, "एवढ्या लांब आले आहे तर एकदा बघते." पाच डॉलरांची नोट घातली, चारपाच वेळा बटण दाबले; दिवे लागले, घंटा वाजल्या, आकडा चौदावर गेला. हिने ताबडतोब पैसे परतीचे बटण दाबले, चिठ्ठी वटवली आणि समोरच्या दुकानातून फ्रीजवर चिकटवायचा एक आयफेल मनोरा घेतला. मी म्हटले, "अजून खेळायचं होतंस." ती म्हणाली, "जिंकले ना? मग आता कशाला?" स्टू अंगरला जी विद्या साधली नाही ती आमच्या सौभाग्यवतींना पाच मिनिटांत साधली.

चौथ्या दिवशी भाचा पुन्हा पटावर बसला. तीन तास बरा चालला होता. मग एका डावात त्याने सगळ्या चकत्या पुढे सारल्या. टेक्सासच्या आजोबांनीही सारल्या. पत्ते उलटे झाले. भाच्याकडे एक्क्यांची जोडी, आजोबांकडे राण्यांची. याहून चांगले पत्ते या खेळात हाती येतच नाहीत. शंभरातून ऐंशी वेळा एक्केच जिंकतात. मधले तीन पत्ते पडले: नहिला, चव्वी, गुलाम. चौथा पत्ता तिर्री. मी नकळत दोरी घट्ट धरली होती. पाचवा पत्ता बदामची राणी.

त्या आजोबांनी टोपी काढली. भाचा क्षणभर बसून राहिला. मग उठला, आजोबांशी हात मिळवला, वाटणाऱ्या बाईंचे आभार मानले आणि दोरीबाहेर आला. त्याच्या मोकळ्या खुर्चीवर दुसरा कुणी येऊन बसायला पाच मिनिटेही लागली नाहीत.

"मामा, मी बरोबर खेळलो होतो," तो म्हणाला.

"हो रे बाबा. मला एवढं तरी कळतं."

आणि खरोखर तेच मला सर्वांत भयंकर वाटले. चुकीने हरलेला माणूस चुकीला दोष देऊन घरी जातो. बरोबर खेळून हरलेल्याला मात्र वाटत राहते, की पुढल्या वेळी ऐंशी आपल्या बाजूला पडतील. वडिलांचे तेच झाले. शेजारच्याच दालनात त्याच संध्याकाळी हजार डॉलरांचा दुसरा डाव सुरू होणार होता. नावे नोंदवायला रांग लागली होती. रांगेत आमच्या डोळ्यांदेखत बाद झालेले दोन-तीन चेहरे होते. भाच्याने त्या रांगेकडे पाहिले. मी त्याच्याकडे पाहिले. ही पर्स उघडून उगीचच चिक्की शोधू लागली.

"मामी, भूक लागली," तो शेवटी म्हणाला. "कुठंतरी डोसा मिळतो का पाहू."

त्या वर्षीचा डाव मायकेल मिझ्राची या मुरब्बी खेळाडूने जिंकला. सॅन होजेला घरी बसून आम्ही तो पडद्यावर पाहिला. सोन्याचे, हिऱ्यांनी मढवलेले ते कंकण त्याने हातात घातले, तेव्हा मला आईचे मनगट आठवले. पुढे ऑगस्टात आपल्या संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला. गोव्याला मांडवीत जुगाराच्या बोटी आहेतच. कायदे येतील, बोटी राहतील. उठायचे केव्हा, ते ज्याचे त्यालाच ठरवावे लागेल.

घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी अक्काकडे गेलो. बहिणीशी खोटे बोलणे मला कधी जमले नाही. सगळे सांगून टाकले. ती भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत.

"किती गेले?"

"दहा हजार डॉलर."

"परत बसला का?"

"नाही. डोसा खायला गेला."

अक्काने मेथीची जुडी बाजूला ठेवली, पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "मग ठीक आहे. दिवाळीला येतोय तो. भाजणी यंदा जास्तीची करायला हवी."

पाडव्याला आपल्या पंचांगात द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. यंदा मी पत्त्यांचा एक कॅट विकत आणला आहे. भाचा आला की अक्काच्या माजघरात आम्ही रमी मांडणार आहोत, हिशेबाला चिंचोके. एकच डाव!